आधी बोट ठेवा, मग तेल लावा
वाचकांचे प्रश्न : खुबा, कंबर, मनगट आणि रोजची दुखणी

कापसाच्या वेचण्या संपत आल्या की जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून दुखण्याखुपण्याची पत्रं वाढतात. पुष्कळ पत्रांत ‘कंबर धरली’ एवढंच लिहिलेलं असतं. तेवढ्यावरून उपाय सांगता येत नाही. मांडीच्या सांध्याचं दुखणं जांघेत जाणवतं. खुब्याच्या बाहेरच्या स्नायूंचं दुखणं बाजूच्या टणक हाडावर येतं. कुल्ल्यातून पायात उतरणारी कळ बहुतेक वेळा मणक्यातून निघालेली असते. तिघांचे उपाय वेगळे, काही तर एकमेकांच्या उलट. म्हणून आधी उभं राहून, जिथे सर्वांत जास्त दुखतं तिथे एकच बोट ठेवा. पूर्ण पंजा नको. या वेळची उत्तरं अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : वय ४८. दिवाळीपासून कापूस वेचायला जाते. उजव्या खुब्याच्या बाजूच्या हाडावर बोट टेकवलं तरी जीव जातो. त्या कुशीवर झोपता येत नाही, पायरी चढताना कळ येते. मालिशवालीकडून दोनतीनदा चांगलं रगडून घेतलं, तर दुसऱ्या दिवशी जास्तच दुखलं. काय करू? (चोपडा तालुका)

ताई, तुमचं वर्णन नेमकं आहे, त्यामुळे उत्तरही नेमकं देता येतं. मांडीच्या हाडाचा जो उंचवटा बाजूला हाताला लागतो, त्याला कुल्ल्याच्या स्नायूंच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, चिकटलेल्या असतात. आपण एका पायावर उभे राहतो तेव्हा कंबर दुसऱ्या बाजूला कलू न देणं हे त्यांचं काम. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांमध्ये या कंडरा दुखावण्याचं प्रमाण जास्त असतं. वाकून, एका पायावर जोर देऊन दिवसभर वेचणी केली की त्यांच्यावर ताण येतो, आणि वरून पट्ट्यासारखा ताणलेला पडदा त्यांना हाडावर दाबत राहतो. मालिशीनं दुखणं वाढलं ते याचमुळे : आधीच दाबल्या जाणाऱ्या जागेवर आणखी दाब पडला. त्या हाडावर रगडणं आजपासून बंद. कुल्ल्याच्या मांसल भागावर हलका हात फिरवायला हरकत नाही.

पहिला उपाय झोपेचा. दुखऱ्या कुशीवर झोपू नका, हे तुम्हाला कळलंच आहे. पण चांगल्या कुशीवर झोपलात आणि वरचा दुखरा पाय पुढे गादीवर पडला, तरी कंडरा रात्रभर ताणलेल्या राहतात. म्हणून दोन गुडघ्यांमध्ये जाड उशी हवी आणि ती घोट्यापर्यंत पोचायला हवी. उशी लहान असेल तर गोधडीची गुंडाळी करा. उताणं झोपणं जमलं तर सगळ्यात बरं. गुडघ्यांखाली एक उशी घ्या.

दुसरा उपाय उभं राहण्याचा. नळावर, चुलीपाशी, बसची वाट पाहताना एका पायावर भार टाकून कंबर बाहेर काढून उभं राहायची सवय असते. नातवाला त्याच बाजूला कडेवर घेणं हाही तोच प्रकार. दोन्ही पायांवर सारखा भार ठेवा. बसताना पायावर पाय टाकू नका आणि मांडी घालून फार वेळ बसू नका. पाय आडवा ओढून ताणण्याचे जे व्यायाम मोबाइलवर दिसतात, ते या दुखण्यात करू नका. त्यांनी तीच जागा पुन्हा दाबली जाते.

आता व्यायाम. पूर्ण आराम केला तर स्नायू कमजोर होतात आणि कामाला लागल्यावर दुखणं परत येतं, म्हणून व्यायाम टाळता येणार नाही.

पहिले दोन आठवडे : उताणं झोपून गुडघे वाकवा. गुडघ्यांच्या जरा वर मांड्यांभोवती ओढणी बांधा आणि दोन्ही मांड्या बाहेरच्या बाजूला ओढणीवर हलकेच दाबा. पाय हलायला नकोत, फक्त जोर लागला पाहिजे, तोही आपल्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच. वीस सेकंद धरा, सोडा. असं पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ.

त्यानंतर त्याच स्थितीत कंबर जमिनीवरून उचला, पाच सेकंद धरा, सावकाश खाली आणा. दहा वेळा, मध्ये विसावा घेत तीन फेऱ्या, एक दिवस आड. चारेक आठवड्यांनी भिंतीला हात टेकवून बुटक्या पायरीवर, साधारण वीतभर उंचीच्या, दुखरा पाय ठेवून चढा-उतरा. आठ-आठच्या दोन फेऱ्या. चढताना कंबर एका बाजूला कलत असेल तर अजून एक आठवडा मागच्या व्यायामावर थांबा.

व्यायामात थोडं दुखलं तर घाबरू नका. शून्य ते दहा मोजलं तर तीन-चारपर्यंतचं दुखणं चालतं, पण ते दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वीच्याच पातळीवर आलेलं असलं पाहिजे. सकाळी जास्त दुखलं तर फेऱ्या निम्म्या करा, बंद करू नका. फरक पडायला आठ ते बारा आठवडे लागतात. बहुतेक जणी तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडतात आणि ‘व्यायामानं काही होत नाही’ म्हणतात, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

वेचणीला जायचंच असेल तर कंबरेची ओटी गच्च भरू देऊ नका. तीन-चार किलो कापूस झाला की बांधावर रिकामी करा. पुढे लोंबणाऱ्या वजनानं कंबर आणि खुबा दोन्ही ओढले जातात. खालची बोंडं वेचताना एक पाय पुढे घेऊन गुडघा वाकवा आणि दर ओळीला पुढचा पाय बदला. अर्ध्या तासानं उभं राहून, कंबरेवर हात ठेवून पाच वेळा मागे वाका.

प्रश्न : वय ६६. डाव्या जांघेत दुखतं, कधी कधी गुडघ्यापर्यंत जातं. पायाची नखं काढता येत नाहीत, पंगतीत मांडी घालता येत नाही. सकाळी दहा-पंधरा मिनिटं पाय आखडलेला असतो. फोटोत सांधा झिजल्याचं सांगितलं. काठी घ्यायची तर कोणत्या हातात? आणि कोणतं मलम लावावं? (अमळनेर)

आबा, काठी उजव्या हातात, म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. पुष्कळ लोक दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि मग काठीचा उपयोग होत नाही. एका पायावर उभं राहिल्यावर सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीनपट भार येतो, कारण कंबर सरळ ठेवायला बाजूचे स्नायू सांध्याला जोरानं आवळतात. काठी विरुद्ध हातात असली की तिचा रेटा त्या स्नायूंचं काम हलकं करतो. काठी आणि डावा पाय एकाच वेळी पुढे टाका. उंची अशी ठरवा : चप्पल घालून सरळ उभे राहा, हात मोकळा सोडा, मनगटावरची घडी जिथे येते तिथपर्यंत काठीची मूठ हवी. उंच काठीनं खांदा दुखतो, बुटक्या काठीनं माणूस वाकतो. खालचं रबरी टोपण गुळगुळीत झालं की बदला. ओल्या फरशीवर तेच घात करतं. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

मलमाबद्दल : डायक्लोफिनॅकचं जेल गुडघ्याला, बोटांच्या सांध्यांना बऱ्यापैकी उपयोगी पडतं, कारण ते सांधे कातडीजवळ असतात. मांडीचा सांधा खोल, मांसाच्या आत आहे. तिथवर मलम पोचत नाही. त्यावर पैसे घालवू नका.

घरात बदल करा. खोल खचलेल्या सोफ्यात बसू नका. खुर्चीत बसल्यावर कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी वर राहिली पाहिजे. दीड फुटाच्या आसपास उंचीची ताठ खुर्ची चालते. बाज मधोमध खचली असेल तर दोरी किंवा पट्टी ताणून घ्या, कारण खचलेल्या बाजेवर सांधा रात्रभर वाकलेला राहतो. संडासाची बैठक भारतीय असेल तर वर ठेवायचा कमोड-स्टूल आणा आणि बाजूच्या भिंतीला पक्की पकड बसवा. पंगतीत खुर्ची मागून घ्या, त्यात कमीपणा नाही.

चालणं सोडू नका, तुकडे करा. एकदम पाऊण तास फिरण्यापेक्षा दहा-दहा मिनिटं तीनदा. ताठ खुर्चीतून हात न टेकवता उठणं-बसणं दहा वेळा, दोनदा. उताणं झोपून टाच गादीवरून घसरवत गुडघा वाकवणं-सोडणं दहा वेळा. ओट्याला धरून दुखरा पाय सरळ ठेवून मागे नेणं, तेही दहा वेळा. पुढे झुकू नका. शरीर जड असेल तर उतरलेला प्रत्येक किलो सांध्याला पावतो.

फार दुखलं तर पॅरासिटॅमॉल ५०० ची एक किंवा दोन गोळ्या, दोन वेळांत सहा तासांचं अंतर, दिवसात सहापेक्षा जास्त नाही. सर्दीच्या गोळ्यांतही तेच औषध असतं, ते हिशोबात धरा. यकृताचा आजार किंवा दारूची सवय असेल तर आधी विचारा. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं सुरू झालं किंवा चालणं शंभर पावलांवर आलं, तर सांधा बदलण्याबद्दल अस्थिरोगतज्ज्ञांशी बोलायची वेळ झाली, असं समजा.

प्रश्न : वय ३६. केळीच्या गाडीत घड भरायचं काम. उजव्या कुल्ल्यात कळ निघते आणि मांडीमागून पोटरीत मुंग्या येतात. खोकलो तर झटका बसतो. खाटेवर पडून राहू का? (रावेर)

भाऊ, खोकताना झटका आणि पोटरीत मुंग्या म्हणजे बोट कुल्ल्यावर असलं तरी दुखणं मणक्याजवळच्या नसेचं असण्याची शक्यता जास्त. एक-दोन दिवस जड काम बंद, पण पडून राहू नका. दर तासाला पाच-दहा मिनिटं सपाट जमिनीवर चाला. पालथं झोपून कोपरांवर छाती उचला, दोन मिनिटं राहा, दिवसात पाच-सहा वेळा. यानं मुंग्या पोटरीतून वर, कुल्ल्याकडे सरकल्या तर सुधारणा आहे. कंबर तेवढ्यापुरती जास्त दुखली तरी चालेल. मुंग्या आणखी खाली, बोटांकडे उतरल्या तर हा व्यायाम सोडा. पाय सरळ ठेवून वाकून पायाची बोटं धरण्याचा प्रयत्न करू नका.

बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत आराम पडतो. कामावर परतल्यावर २०-२५ किलोचा घड एकट्यानं जमिनीवरून उचलून गाडीवर चढवू नका. एकानं खालून द्यायचा, एकानं वर घ्यायचा. उचललेल्या घडासकट कंबर पिळू नका, पावलं वळवा. ओझ्यासकट पिळलं की कंबर जायचा धोका वाढतो. खांदा आलटूनपालटून बदला.

मात्र लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, जांघांमध्ये बसण्याची जागा बधिर झाली, किंवा चालताना पाऊल लोंबायला लागलं, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगाव आणि नंदुरबारलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

प्रश्न : मुलगा २१ वर्षांचा. तीन महिन्यांपासून जांघेत दुखतं, लंगडतो. पडला नाही, लागलं नाही. तेल-शेक चालू आहे. (नवापूर)

तेल-शेकावर थांबू नका. लागलेलं नसताना तरुण माणसाची जांघ दुखून तो लंगडत असेल, तर मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा कमी झालाय का, हे आधी पाहायला हवं. रक्त न मिळालेलं हाड हळूहळू खचतं. सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं, त्यामुळे ‘फोटो चांगला आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका. आपल्या सातपुडा पट्ट्यात याचं एक महत्त्वाचं कारण सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. मुलाला पूर्वी अंगदुखीचे झटके, कावीळ, रक्त कमी असणं असं काही झालंय का, आठवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलची रक्ततपासणी करून घ्या. दुसरी कारणं म्हणजे दारू आणि स्टेरॉइड. सांधेदुखीवर सुट्या पुड्या देणाऱ्यांकडून औषध घेतलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. त्यानं दोन दिवसांत दुखणं पळतं, आणि पुढे चेहरा सुजतो, साखर वाढते, हाड पोकळ होतं. तपासणी होईपर्यंत ओझं आणि उड्या बंद, काठी विरुद्ध हातात.

लहान मुलांचंही इथेच सांगतो. मूल लंगडतं आणि गुडघा दुखतो म्हणतं, पण गुडघ्यात काहीच सापडत नाही, तेव्हा खुबा तपासायला सांगा; खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. सोबत ताप असेल तर रात्र काढू नका.

प्रश्न : सासूबाई न्हाणीत घसरल्या. उभ्या राहत नाहीत, पाय बाहेरच्या बाजूला पडलाय. गरम विटेनं शेक देतोय, उतरेल का? (पारोळा)

नाही. पाय बाहेर वळलेला आणि आखूड दिसत असेल तर खुब्याचं हाड मोडलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. शेक, मालिश, चालवून पाहणं सगळं थांबवा. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत दोन्ही पायांमध्ये घडी घातलेली चादर ठेवून पाय एकमेकांना सैल बांधा. खायला-प्यायला देऊ नका, कारण भूल द्यावी लागेल. हे पत्र छापून येण्याआधीच आम्ही त्यांना कळवलं आहे. इथे बाकीच्यांसाठी दिलं.

प्रश्न : उन्हाळी कामं निघाली की उडदाचे पापड लाटून अंगठ्याच्या मुळाशी मनगट सुजतं. कळशी उचलवत नाही. (चाळीसगाव)

अंगठा मुठीत बंद करा आणि मूठ करंगळीकडे वाकवा. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर झणझणीत कळ आली, तर अंगठ्याच्या कंडरांचं म्यान सुजलंय. पापडाचं पीठ घट्ट, लाटणं बारीक, आणि जोर सगळा अंगठ्यानं : यातून हे होतं. लाटताना अंगठा लाटण्यावर दाबू नका, तळहातानं लाटा. मनगट सरळ ठेवा. पीठ कुटून चांगलं मऊ झाल्याशिवाय लाटायला घेऊ नका. एकीनं तासभर लाटलं की तिनं वाळत घालायचं, दुसरीनं लाटायला बसायचं. पोळपाट मांडीसमोर जमिनीवर असेल तर मान आणि पाठही धरते, तो वीतभर उंच पाटावर घ्या.

कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. औषधाच्या दुकानात अंगठा धरून ठेवणारा पट्टा मिळतो (फक्त मनगटाचा नको), तो तीन-चार आठवडे वापरा. बाळंतिणींनाही बाळ उचलून हेच होतं. बगलेत अंगठे घालून उचलण्याऐवजी बाळाच्या पाठीखाली तळहात घाला.

प्रश्न : रेल्वेत उन्हातलं काम. रोज संध्याकाळी अंग ठणकतं, पायात गोळे येतात. दुकानातून दुखण्याची गोळी घेऊन झोपतो. चालेल ना? (भुसावळ)

रोज नको, आणि मे महिन्यात तर नकोच. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करतात. घामानं शरीर आधीच कोरडं पडलेलं असतं, तेव्हा हा फटका जास्त बसतो. रक्तदाबाची गोळी, विशेषतः लघवी वाढवणारी, चालू असेल तर धोका आणखी वाढतो. लघवी गडद पिवळी आणि थोडी होत असेल तर पाणी कमी पडतंय.

जास्त घाम गाळलेल्या दिवशी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडं थोडं प्या, चमचा चहाचा. मीठ डोळ्यांच्या अंदाजानं टाकू नका. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारून. गोळा आला की गुडघा सरळ करून पायाची बोटं स्वतःकडे ओढून अर्धा मिनिट धरा. रोज झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणा, प्रत्येक पायाला अर्धा मिनिट, तीनदा.

प्रश्न : मिठाचा शेक, वीट, गरम पाण्याची पिशवी, बर्फ... कधी काय? आणि मिरचीचं औषध दुखण्यावर लावतात म्हणे, घरी करता येईल का? (नंदुरबार)

ताजी इजा, सूज, गरम लागणारी जागा असेल तर पहिले दोन-तीन दिवस बर्फ, दहा-पंधरा मिनिटं, कापडातून. आखडलेलं, जुनं, सकाळी जास्त आणि हालचालीनं मोकळं होणारं दुखणं असेल तर शेक. आम्ही वीट सुचवत नाही : बाहेरून कोमट वाटते आणि आतून तापलेली असते. अर्धा किलो जाडं मीठ कोरड्या कढईत चार-पाच मिनिटं परता, जुन्या सुती कापडाच्या दुहेरी पुरचुंडीत बांधा, हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहा. पाच सेकंद आरामात ठेवता आली तर दुखऱ्या जागी पंधरा मिनिटं फिरवा. तेच मीठ पुन्हा वापरता येतं; ओलं झालं की वाळवून घ्या. मधुमेहानं पाय बधिर झाले असतील तर शेक स्वतः घेऊ नका, घरच्या दुसऱ्या माणसानं हात लावून पाहावं. एकाच जागी महिनोन्‌महिने शेकल्यानं कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडू लागले तर शेक थांबवा.

मिरचीतल्या झोंबणाऱ्या घटकाचं मलम खरोखर मिळतं, पण त्यात तो घटक मोजून, अगदी थोडा घातलेला असतो. पथारीवरची, म्हणजे उघड्यावर वाळत घातलेली, मिरची तेलात उकळून लावली तर कातडी भाजते आणि तोच हात डोळ्याला लागतो. आणखी एक : मलम झोंबणारं असो की थंड वाटणारं, ते लावून वरून शेक देऊ नका, फोड येतात. दोन्हींमध्ये निदान दोन तास जाऊ द्या आणि शेकण्याआधी जागा साबणानं धुवा.